परिचारिकेच्या नोंदी आणि न्यायालय : विधी परिचारिका सल्लागाराचे नवे क्षेत्र

प्रतिनिधी, हिंगोली

वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कोणत्याही दाव्याची फाइल उघडली, तर तिच्यातील सर्वाधिक पाने डॉक्टरांनी लिहिलेली नसतात. ताप, नाडी, श्वसन आणि रक्तदाबाचा तक्ता, सलाइन व लघवीच्या प्रमाणाची नोंद, कोणते इंजेक्शन किती वाजता दिले त्याची सही, रात्रपाळीतून दिवसपाळीकडे दिलेला 'ओव्हर' हे सारे परिचारिकेच्या हातचे असते. गंमत अशी, की वकील, न्यायाधीश आणि पुष्कळदा तज्ज्ञ डॉक्टरही फाइलमधील हीच पाने सर्वांत घाईने उलटतात. ती नीट वाचून त्यांचा अर्थ वकिलाला किंवा विमा कंपनीला समजावून सांगणाऱ्या अनुभवी परिचारिकेला अमेरिकेत 'लीगल नर्स कन्सल्टंट' म्हणतात. मराठीत या व्यवसायाला अद्याप रूढ नाव नाही. आपण त्याला विधी परिचारिका सल्लागार म्हणू.

अमेरिकेत या सल्लागारांची राष्ट्रीय संघटना १९८९ मध्ये स्थापन झाली. तेथे त्यांच्यासाठी प्रमाणपत्र परीक्षा आहे. नोंदणीकृत परिचारिकेचा वैध परवाना, किमान पाच वर्षांचा अनुभव आणि या कामाचे दोन हजार तास पूर्ण केल्याशिवाय त्या परीक्षेला बसता येत नाही. म्हणजेच हे प्रमाणपत्र व्यवसायाच्या प्रारंभी मिळत नाही, काम करून दाखविल्यानंतर मिळते. आपल्याकडे इंटरनेटवर काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमानंतर 'प्रमाणित सल्लागार' करून देण्याच्या जाहिराती दिसतात. त्यांच्या मोहात पडणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी.

भारतात या नावाचे पद कोणत्याही कायद्यात नाही आणि त्यासाठी वेगळी नोंदणीही नाही. परंतु पद नाही म्हणून काम नाही, असे मुळीच नव्हे.

कामाचे स्वरूप

समजा, एका महिलेची सिझेरियन शस्त्रक्रिया दुपारी दोन वाजता झाली आणि रात्री अतिरक्तस्रावाने तिचा मृत्यू झाला. नातेवाईक म्हणतात, कोणी पाहायलाच आले नाही. रुग्णालय म्हणते, दर अर्ध्या तासाने तपासणी होत होती. केसपेपरवर रक्तदाब व नाडीचे आकडे ओळीने लिहिलेले आहेत. सामान्य माणसाला ते पुरावा वाटतात. वॉर्डात वर्षानुवर्षे काम केलेली परिचारिका मात्र ते वेगळ्या नजरेने पाहते. नाडी ८८ वरून ११०, पुढे १३० झाली, पण रक्तदाब शेवटपर्यंत ११०/७० असाच लिहिला आहे, हे कसे? रक्तस्रावात नाडी आधी वाढते आणि रक्तदाब नंतर कोसळतो हे खरे; पण चार तास आकडा जराही हलला नाही, तर तो मोजला होता की लिहिला होता? लघवीचे प्रमाण सायंकाळी सहानंतर का लिहिलेले नाही? रक्ताची पिशवी मागविल्याची वेळ आणि रक्तपेढीच्या पावतीवरील वेळ जुळते का? सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने, एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसतात का? पाळी बदलल्यावरही अक्षर तेच आहे का?

हे प्रश्न विचारणे म्हणजे या व्यवसायाचा गाभा. सल्लागाराने कोण दोषी हे सांगायचे नसते. तिने कागदपत्रांचा कालक्रम लावायचा, काय आहे आणि काय असायला हवे होते पण नाही याची यादी करायची, वैद्यकीय संक्षेप सोप्या भाषेत उलगडायचे आणि कोणत्या शाखेच्या तज्ज्ञाचे मत घ्यावे हे वकिलाला सुचवायचे. कधी तिचा अहवाल 'या दाव्यात दम नाही' असाही असतो. तो वेळीच मिळाला, तर वकिलाचा आणि पक्षकाराचा बराच पैसा व मनस्ताप वाचतो.

निकाल काय सांगतात

या कामाचे महत्त्व पटविणारे खटले आपल्याच राज्यात सापडतात. पुण्यातील डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्रिंबक बापू गोडबोले हा खटला वैद्यकीय निष्काळजीपणाच्या भारतीय कायद्यात पायाभूत मानला जातो. मे १९५३ मध्ये कोकणातील पालशेतजवळच्या अपघातात गोडबोले यांच्या तरुण मुलाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यात आणण्यात आले आणि उपचारांनंतर त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. भूल न देता जोर लावून हाड बसविण्यात आले काय, हा वादाचा मुद्दा होता. शल्यचिकित्सकांनी एका तासाच्या अंतराने मॉर्फियाची दोन इंजेक्शने देण्यास सांगितले होते, प्रत्यक्षात सहायकाने एकच दिले, ही बाब न्यायालयासमोर आली. सर्वोच्च न्यायालयाने मे १९६८ मध्ये शल्यचिकित्सकांचे अपील फेटाळले. रुग्णाला स्वीकारायचे की नाही, कोणते उपचार करायचे आणि ते कसे करायचे, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरचे कर्तव्य काय असते, हे त्या निकालाने सांगितले. लिहून दिलेली आणि प्रत्यक्ष दिलेली मात्रा यांतील हा फरक शोधणे, हे आजही औषधांचा तक्ता तपासणाऱ्याचे पहिले काम आहे.

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. सर्वांनाच मोफत सेवा देणारी रुग्णालये त्यातून वगळली गेली. तेव्हापासून असे दावे दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्यांवरून जिल्ह्याच्या ग्राहक मंचात उतरले.

थेट परिचारिकेच्या कृतीवर आधारलेला निकाल म्हणजे १९९८ मधील स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल विरुद्ध हरजोल अहलुवालिया. विषमज्वराने आजारी असलेल्या लहान मुलाला परिचारिकेने भलतेच इंजेक्शन शिरेतून दिले, मुलाचे हृदय बंद पडले आणि मेंदूला कायमची इजा झाली. ते इंजेक्शन देणारी व्यक्ती पात्र परिचारिकाच नव्हती, हेही पुढे आले. न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरून मुलासाठी साडेबारा लाख आणि आई-वडिलांच्या मानसिक यातनांसाठी पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. नोंदणी नसलेल्या मुलींना पांढरा गणवेश चढवून 'सिस्टर' म्हणून उभे करण्याची पद्धत लहान गावांतील काही दवाखान्यांत अजूनही दिसते. तिची किंमत किती असू शकते, हे या निकालातून समजते.

यातील प्रत्येक दाव्यात तज्ज्ञाचे मत लागतेच असेही नाही. मुंबईतील रुग्णालयाशी संबंधित मार्टिन डिसूझा प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक मंचांनी आधी तज्ज्ञांचे मत घ्यावे असे म्हटले होते. व्ही. किशन राव प्रकरणात २०१० मध्ये त्याच न्यायालयाने अशी सरसकट सक्ती योग्य नाही, असे स्पष्ट केले. ज्या दाव्यात चूक कागदावरच उघड दिसते तेथे कागद नीट वाचणाऱ्याचे महत्त्व साहजिकच वाढते.

आरोपीच्या पिंजऱ्यात परिचारिका

या क्षेत्राकडे केवळ उत्पन्नाचे नवे साधन म्हणून पाहणे अपुरे ठरेल. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत दहा बालके दगावली. पुढे त्या प्रकरणी परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाच्या आगीत अकरा रुग्णांचा मृत्यू झाला आणि एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्यासह तीन परिचारिकांना अटक झाली. त्या वेळी कोण कुठे होते, कोणाला केव्हा कळविले, बंब आणि वायरिंगबाबत आधी काही लेखी तक्रार होती काय, अशा प्रश्नांची उत्तरे अखेर रजिस्टरांतच शोधावी लागतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने तर परिचारिकांपुढे एक वेगळाच प्रश्न उभा केला आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास कोणालाही कमाल दोन वर्षांची शिक्षा होती. नव्या संहितेच्या कलम १०६(१) मध्ये ती पाच वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. वैद्यकीय उपचार करताना असा प्रसंग घडला, तर नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकासाठी मात्र कमाल शिक्षा दोन वर्षेच ठेवण्यात आली आहे. आता हा व्यावसायिक कोण? संहितेच्या स्पष्टीकरणानुसार, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने मान्य केलेली पात्रता असणारा आणि राष्ट्रीय वा राज्य वैद्यकीय नोंदवहीत नाव असणारा. परिचारिकेचे नाव राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदलेले असते, वैद्यकीय नोंदवहीत नव्हे. कलमाचे शब्द जसेच्या तसे वाचले, तर एकाच शस्त्रक्रियागृहातील एकाच घटनेत डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षे आणि परिचारिकेला जास्तीत जास्त पाच वर्षे अशी स्थिती संभवते. या विसंगतीची चर्चा वकिलांच्या वर्तुळात थोडी आणि परिचारिकांच्या वसतिगृहांत जवळजवळ नाहीच.

फौजदारी कारवाईपूर्वी तपास अधिकाऱ्याने त्याच शाखेतील, शक्यतो सरकारी सेवेतील, डॉक्टरचे स्वतंत्र मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात ५ ऑगस्ट २००५ रोजी सांगितले. त्या निकालाची सारी भाषा डॉक्टरांविषयीची आहे. परिचर्येच्या कामात चूक झाली की नाही, हे परिचारिकेनेच तपासावे, हा विचार आपल्या व्यवस्थेत अजून रुजलेला नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ३९ (जुन्या कायद्यातील कलम ४५) तज्ज्ञाच्या मताला स्थान देते. तेथे तज्ज्ञ म्हणजे डॉक्टरच असावा असे म्हटलेले नाही. विशेष ज्ञान असणाऱ्या व्यक्तीचे मत न्यायालय विचारात घेऊ शकते. ज्येष्ठ परिचारिकांनी पुढे यावे ते या दारातून.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यातून सुरुवात

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके आहेत. गंभीर रुग्ण आजवर नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरकडे हलविले जात आले. हिंगोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १०० जागांसह २०२४ मध्ये सुरू झाले. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या दिवसांत चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बालके होती; मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. वैद्यकीय सेवा आणि न्यायालय यांचा संबंध या भागाला परका नाही.

येथे राहून काम करता येईल काय? येईल, आणि त्याचे कारण कायद्यातच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. सेनगावच्या शेतकऱ्याने संभाजीनगरच्या रुग्णालयात उपचार घेतले असले, तरी त्याची तक्रार हिंगोलीत चालू शकते. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. तक्रारीची मुदत दोन वर्षांची. अशा तक्रारींमध्ये तालुक्याच्या वकिलाला शेकडो पानांचे इंग्रजी केसपेपर वाचून दाखविणारे कोणी नसते, हा सर्वांत मोठा अडसर.

दुसरे मोठे काम मोटार अपघात दाव्यांचे, आणि ते निष्काळजीपणाच्या दाव्यांपेक्षा कितीतरी अधिक नियमित आहे. कायमचे अपंगत्व आलेल्या जखमीला आयुष्यभर काय काय लागेल याचा हिशेब तेथे मांडावा लागतो. काजल विरुद्ध जगदीश चंद या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी शंभर टक्के अपंगत्व आलेल्या मुलीसाठी दोन मदतनिसांचा खर्च दरमहा प्रत्येकी पाच हजार रुपये धरला आणि १८ चा गुणक लावून केवळ त्या एका बाबीपोटी २१ लाख ६० हजार रुपये दिले. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दिवसातून किती वेळा कूस बदलून द्यावी लागते, कॅथेटर किती दिवसांनी बदलतात, डायपर, हवेची गादी, नळीने द्यायचे अन्न, वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग या सर्वांचा खर्च परिचारिकेइतका कोणाला ठाऊक असणार? आपल्याकडील अर्जांत मात्र 'भविष्यातील वैद्यकीय खर्च' या शीर्षकाखाली एक गोल आकडा टाकलेला असतो आणि न्यायाधिकरण तो पुराव्याअभावी कमी करते.

तिसरे क्षेत्र विमा दाव्यांच्या छाननीचे. आरोग्य विमा कंपन्या, त्यांच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्था आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या शासकीय योजनांत कागदपत्रे तपासणाऱ्यांची गरज असते. पुण्या-मुंबईत परदेशी वकिलांसाठी वैद्यकीय कागदपत्रांचे सारांश करणाऱ्या कंपन्याही आहेत. तेथील काम एकसुरी असते, पण कालक्रम लावण्याची शिस्त त्यातून चांगली लागते.

शिक्षण आणि पहिली पावले

पाया म्हणजे नोंदणी आणि वॉर्डातील अनुभव. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ नुसार राज्य परिषदेकडील नोंदणी चालू ठेवणे आवश्यक. अतिदक्षता, प्रसूती, शस्त्रक्रियागृह किंवा अपघात विभागातील पाच-सहा वर्षे या कामात विशेष उपयोगी पडतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात पाचव्या सत्राला न्यायवैद्यक परिचर्या व भारतीय कायदे यांची ओळख करून देणारा छोटा विषय आहे. त्यापूर्वी शिकलेल्यांना तो मिळाला नाही. त्यांनी ती पुस्तके आज वाचावीत.

पुढील शिक्षणाचे दोन मार्ग आहेत. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलचा वैद्यकीय कायदा व नीतिशास्त्र पदविका अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालत आला आहे आणि पुण्यात सिम्बायोसिस संस्थेने वैद्यकीय-विधी विषयातील पदव्युत्तर पदविका सुरू केलेली आहे. नोकरी सांभाळून करण्यासारखे हे अभ्यासक्रम आहेत. प्रवेशापूर्वी त्या वर्षीच्या अटी पाहाव्यात. दुसरा मार्ग एलएल.बी.चा. त्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची पदवी आणि खुल्या गटासाठी ४५ टक्के गुण लागतात. येथे जी.एन.एम. झालेल्यांची अनेकदा फसगत होते. जी.एन.एम. ही पदविका आहे, पदवी नव्हे. त्यांनी आधी दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. पूर्ण करावे किंवा बारावीच्या आधारे पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाकडे वळावे. एलएल.बी. नियमित हजेरीचा अभ्यासक्रम आहे आणि पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिलीची सनद वापरता येत नाही, हेही आधीच ध्यानात घेतलेले बरे.

पण पदविकेची वाट न पाहता करण्यासारखे बरेच आहे. व्ही. पी. शांता, जेकब मॅथ्यू आणि संमतीविषयीचा २००८ मधील समीरा कोहली हे तीन निकाल मुळातून वाचावेत. जिल्हा आयोगात आणि अपघात दावा न्यायाधिकरणात आठवड्यातून एखादा दिवस नुसते जाऊन बसावे. उलटतपासणी कशी होते, 'मला आठवत नाही' या उत्तराचा परिणाम काय होतो, हे तेथे दिसते. त्यानंतर एखाद्या परिचित वकिलाची एक फाइल घेऊन चार पानांचा मराठी अहवाल करून द्यावा. त्यात तारीखवार घटनाक्रम, न सापडलेली कागदपत्रे, विचारण्याजोगे प्रश्न एवढेच असावे. विशेषणे एकही नकोत. पहिला अहवाल उपयोगी पडला, तर दुसरी फाइल जाहिरातीशिवाय येते. मानधन कामाच्या तासांवर किंवा पानांवर आधी लेखी ठरवावे. निकालाच्या रकमेतील टक्केवारी मात्र कधीही स्वीकारू नये. जिचे उत्पन्न निकालावर अवलंबून आहे, तिच्या मताला न्यायालयात किंमत राहत नाही.

कागद मिळविण्याबाबतही थोडे सांगायला हवे. रुग्ण व नातेवाइकांना केसपेपरच्या प्रती नाकारता येत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा प्रकरणात १९९६ मध्येच सांगितले होते. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत मागणीनंतर ७२ तासांत कागदपत्रे देण्याचे आणि ती तीन वर्षे जपण्याचे बंधन आले. तरीही आपल्याकडे लोक डिस्चार्ज कार्ड घेऊन समाधानाने घरी जातात. ते कार्ड केवळ सारांश असते. दाव्यासाठी लागतात ती आतली पाने. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि परिचारिकांच्या नोंदी, औषधांचा तक्ता, भूल देण्याची नोंद व संमतिपत्रे यांचा नावानिशी उल्लेख करावा.

मर्यादा

सनद नसलेल्या व्यक्तीला न्यायालयात वकिली करता येत नाही. ग्राहक आयोगात बिगर-वकील प्रतिनिधी उभा राहू शकतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. मात्र त्यासाठी आयोगाची परवानगी व अटी आहेत. सल्लागाराने कायदेशीर सल्ला देण्याच्या फंदात पडू नये. शासकीय सेवेतील परिचारिकांना १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यवसाय करता येत नाही. ज्या रुग्णालयात आपण काम केले वा करतो, तेथील प्रकरण हाती घेऊ नये. हिंगोलीसारख्या ठिकाणी हे पथ्य फार अवघड जाते, कारण येथे प्रत्येक डॉक्टर कोणाचा तरी पाहुणा असतो. दुसऱ्या जिल्ह्यातील फायली घेणे हा त्यावरचा व्यवहार्य तोडगा. कागद स्कॅन करून पाठविता येत असल्याने त्यात अडचणही राहिलेली नाही. असे कागद व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्यांत रुग्णाचे नाव आणि आजार असतो आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशा माहितीच्या हाताळणीची जबाबदारी आणखी वाढविली आहे.

आणि ज्यांना सल्लागार व्हायचेच नाही, त्या परिचारिकांसाठी याच विषयातील व्यावहारिक भाग असा : नोंद घडली त्याच वेळी लिहावी, वेळ चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे घालावी, डॉक्टरांना फोन केला असेल तर किती वाजता केला व काय आदेश मिळाला हे लिहावे, चूक झाल्यास एका रेघेने खोडून सही करावी आणि पांढरी शाई कधीही वापरू नये. उशिरा लिहावेच लागले, तर 'उशिरा केलेली नोंद' असे स्पष्ट म्हणून खरी वेळ घालावी.